पंधरा अक्षरांत सरपंच

शनिवारी सकाळी साडेदहाला सरपंच सुमनताईंचा फोन आला. मी घोडेगावच्या आमच्या साइट ऑफिसमध्ये चहा घेत होते.

"मॅडम, बोर्डावर लिवलंय त्ये खरं हाय का? सोमवारी काढणार?"

"हो ताई. सोमवारपासून. तीन दिवस धरलेत."

"तीन दिवस?"

"मुळं खोल गेलीत ना. एका दिवसात नाही व्हायचं."

"आन् जेसीबी कशाला?"

"हातानं नाही निघणार ताई. आणि मुळासकट काढलं नाही तर पुन्हा फुटतं."

"बरं." आवाज एकदम थंड झाला होता. "मंग तुमीच या गावात. त्या जेसीबीची चावी माज्यापाशी हाय."

फोन कट. मी बाभळींबद्दल बोलत होते. ताई कशाबद्दल बोलत होत्या, ते मला अर्ध्या तासानं कळलं.

मी प्लॅनिंग इंजिनिअर आहे. राहते डिंगोऱ्याला, नोकरी एका बांधकाम कंपनीत. कोणतं काम कधी सुरू होणार, किती दिवस चालणार, त्याला किती माणसं आणि कोणतं मशीन लागणार, हे सगळं मी एका सॉफ्टवेअरमध्ये भरते. त्याला शेड्यूल म्हणतात. त्यात फ्लोट नावाचा एक कॉलम असतो. एखादं काम किती दिवस पुढं ढकललं तरी चालेल, ती सवलत म्हणजे फ्लोट. फ्लोट शून्य असेल तर काम एक दिवसही हलवायचं नाही.

हे सॉफ्टवेअर ऑफिसात फक्त माझ्या लॅपटॉपवर. बाकी कुणाकडे ती फाइल उघडतच नाही. त्यामुळे एक्सपोर्ट करावं लागतं, म्हणजे तेच शेड्यूल ज्याला जसं हवं तशा फाइलमध्ये काढून द्यायचं. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर थोरात साहेब यांना पीडीएफ लागते, तीही एका पानावर. दोनशे कामं एका पानावर बसवली की अक्षरं मुंगीएवढी होतात. साहेब ती बघून "व्हेरी गुड" म्हणतात. पुण्याच्या कन्सल्टंटला त्यांच्या ठरलेल्या फॉरमॅटमध्ये टेक्स्ट फाइल लागते. आमचा सुपरवायझर रोहिदास याला व्हॉट्सॲपवर फोटो लागतो.

काम होतं आंबेगावच्या डोंगराकडच्या एका गावातला ओढ्यावरचा पूल. ओढा भरला की गावातली दुधाची गाडी आठ-आठ दिवस अलीकडेच उभी राहायची आणि पोरांची शाळा बुडायची. म्हणून ओढ्याला पाणी यायच्या आत पूल उभा राहायला हवा होता. पुलाकडे जाणारा रस्ता सरपंच ताईंच्या घराला लागून रुंद करायचा होता. घराच्या बाजूला पाच बाभळी होत्या. त्या काढायची परवानगी आली होती, ताईंनी स्वतः सही दिली होती. शेड्यूलमध्ये मी त्या कामाचं नाव इंग्रजीत टाकलं होतं : रिमूव्ह सरपंच हाऊस साइड बाभूळ ट्रीज.

शुक्रवारी थोरात साहेब म्हणाले, "गावात शेड्यूलचा बोर्ड लागला पाहिजे. मराठीत. सोमवारी कन्सल्टंट व्हिजिटला येतोय." मी कन्सल्टंटसाठी काढलेलीच फाइल रोहिदासला पाठवली. रोहिदासनं ती फ्लेक्सवाल्याला दिली आणि सांगितलं, मराठीत कर.

चूक माझी. एक्सपोर्ट झाल्यावर हिरवी खूण आली, मी फाइल पुढं ढकलली. उघडून बघितली नाही. त्या फॉरमॅटमध्ये कामाच्या नावाला फक्त पंधरा अक्षरांची जागा होती. पुढचं सगळं उडतं. इंग्रजीत मोजून बघा. मधली मोकळी जागा धरून पंधरावं अक्षर म्हणजे सरपंच या शब्दाचं शेवटचं अक्षर.

गावात पोचले तेव्हा पारावर चाळीस-पन्नास माणसं होती. रोहिदास जेसीबीजवळ उभा होता, जेसीबीच त्याला वाचवणार असल्यासारखा. मधोमध आमचा बोर्ड. दहा फूट बाय सहा. छपाई मात्र अगदी स्वच्छ.

'सरपंच हटवणे. ३ दिवस. जेसीबी १, मजूर ६.'

त्याखाली, 'खड्डा भरणे व दाबणे. २ दिवस. रोलर १.'

त्याखाली, 'टोपी घालणे. ४ दिवस.' हे मूळचं पिअर कॅप, म्हणजे पुलाच्या खांबाच्या डोक्यावरचा काँक्रीटचा ठोकळा. फ्लेक्सवाल्यानं मोबाइलवर भाषांतर करून घेतलं होतं. शेवटच्या कॉलमला त्यानं 'तरंगणे' असं नाव दिलं होतं. सरपंचांच्या ओळीत तिथं शून्य होतं.

सुमनताई खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर जेसीबीची चावी.

"या मॅडम," त्या म्हणाल्या. "आदी मला सांगा, तरंगणे शून्य म्हंजे काय? मला वढ्यात टाकलं तरी वर येणार नाय?"

"ताई, तो फ्लोट आहे. म्हणजे ते काम पुढं ढकलता येत नाही."

"इतकी घाई हाय?"

मी जे बोलेन ते आणखीच वाईट दिसणार होतं.

"आन् फोनवर तुमीच म्हणाल्या, मुळं खोल गेलीत. मुळासकट काढलं नाय तर परत फुटतंय. सगळ्यांनी ऐकलंय. स्पीकरवर व्हता फोन."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "खरंय की पण!" आणि लगेच खोकलं.

आता यातली खरी अडचण सांगते. ताईंवर अविश्वास ठराव आणला होता. आणणारे होते उपसरपंच बबनराव. सभा बुधवारी. माझ्या शेड्यूलमध्ये सरपंच हटवायचं काम सोमवारी सुरू होऊन बुधवारीच संपत होतं. ताईंच्या माणसांना वाटलं, कंपनी बबनरावांना सामील आहे. बबनराव वेगळ्याच कारणानं चिडले होते.

"सह्या गोळा केल्या आमी," ते मला म्हणाले. "दोन महिने फिरतोय घरोघर. आन् बोर्डावर नाव कंपनीचं?"

तेवढ्यात थोरात साहेबांचा फोन. "बोर्ड लागला का?"

"लागला सर. लोक वाचतायत."

"व्हेरी गुड," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी लॅपटॉप काढला. सॉफ्टवेअर उघडलं. म्हटलं, "ताई, मूळ फाइल बघा. नाव अर्धवट छापलंय. पूर्ण नाव यात आहे."

"आत्ता बसून बदललं असंल," मागून एक जण म्हणाला.

सुमनताईंनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, "बबनराव, तुमी वाचा. इंग्रजी येतंय ना तुमाला? तुमी काय माज्या बाजूनं वाचणार नाय."

बबनराव आनंदानं पुढं आले. चष्मा लावला. स्क्रीनवरही नावाचा कॉलम अरुंदच होता. त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "रिमूव्ह सरपंच!" आणि सगळ्यांकडे वळून बघितलं. "हाय राव! खरंच हाय!"

मी माउसनं कॉलम थोडा रुंद केला.

"हाऊस," त्यांनी वाचलं. चेहरा आणखी उजळला. "घर पण काढणारेत!"

ताईंच्या सूनबाई उभ्या राहिल्या. मी घाईनं कॉलम ओढला.

"साइड," बबनराव म्हणाले. इथं ते थोडे अडखळले. "बाभूळ..." मग आवाज एकदम खाली. "...ट्रीज."

"म्हंजे काय?" ताईंनी विचारलं. त्यांना कळलं होतं, पण बबनरावांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

"सरपंचांच्या घराच्या बाजूच्या बाभळी काढणे," बबनराव कसेबसे म्हणाले.

"मोठ्यानं."

त्यांनी मोठ्यानं सांगितलं. सगळा पार हसला. ताई इतक्या हसल्या की चावी मांडीवरून खाली पडली. रोहिदासनं ती झडप घालून उचलली. शाळेपासून आत्तापर्यंत त्याला एवढ्या चपळाईनं हलताना कुणी पाहिलं नसेल.

मी म्हटलं, "ताई, माझी चूक झाली. तासाभरात बोर्ड उतरवते, नवीन लावते."

"अजाबात नाय," ताई म्हणाल्या. "बुधवारपर्यंत ऱ्हाऊ द्या."

"सोमवारी कन्सल्टंट येतोय ताई."

"येऊ द्या की. त्याला च्या पाजू."

सोमवारी कन्सल्टंट आला. बोर्ड वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. मग मला म्हणाला, "हे ॲक्टिव्हिटीचं नाव आमच्या फाइलमध्येही असंच आलंय. आमच्याकडे दोन मीटिंगमध्ये स्क्रीनवर होतं. कुणी काही बोललं नाही." थोरात साहेबांना बाजूला नेऊन त्यानं काय सांगितलं माहीत नाही, पण त्या दिवशी साहेब एकदाही व्हेरी गुड म्हणाले नाहीत.

बाभळी दोन दिवसांतच निघाल्या, एक दिवस वाचला. बुधवारच्या सभेत बबनरावांच्या दोन माणसांनी पाय मागं घेतला. त्यातल्या एकानं रोहिदासला कारण सांगितलं. गावात चार दिवस सगळे त्यालाच विचारत होते, जेसीबी तुझा का? ठराव पडला. बबनराव उपसरपंच राहिले आणि ताईंशी पूर्वीइतकंच भांडत राहिले. पूल ओढ्याला पाणी यायच्या नऊ दिवस आधी खुला झाला.

कन्सल्टंटनं नावाचा कॉलम वाढवून साठ अक्षरांचा केला. मी आता कुठलीही फाइल पाठवायच्या आधी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडते आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. वीस मिनिटं जातात. आम्हा प्लॅनिंगवाल्यांचा एक समज असतो, की शेड्यूल कुणी वाचत नाही. ऑफिसात तो बरोबर आहे.