परदेशी मालकाच्या भाड्याला कात्री

दिवा उपनगरात पाण्याच्या टँकरमागे धावून कंटाळलो तेव्हा आम्ही नवरा-बायको कोलशेतला छोट्याशा फ्लॅटमध्ये भाड्याने आलो. मालक काका मूळचे वर्तकनगरचे, आता टोरांटोला. दर महिन्याला व्हिडिओ कॉल करून आधी घराच्या भिंती बघायचे, मग मला सुधारायचे. "अरे, इथे टॅक्स चुकवायचं कोणाच्या मनातही येत नाही. तुम्हा लोकांना शिस्तच नाही!" मी मान हलवायचो. भाडेकरूला मान त्यासाठीच असते.

पुढे माझं रिटर्न भरायला डोंबिवलीच्या सीए बाईंकडे गेलेलो. भाडेकरार चाळताना त्या मालकाच्या पत्त्यावर थांबल्या.

"हे परदेशात राहतात? मग भाड्यातून टॅक्स कापता ना?"

"मी? अहो मॅडम, मी भाडेकरू आहे, इन्कम टॅक्सवाला नाही."

"मालक बाहेर असला की कापायचं काम भाडेकरूचंच. जवळजवळ एक तृतीयांश. तो त्यांच्या नावाने सरकारात भरायचा, उरलेलं त्यांना द्यायचं. नाही कापलात तर तुमच्या खिशातून, व्याजासकट."

आधी घाम फुटला. मग, खोटं कशाला बोलू, जरा मजाही वाटली.

संध्याकाळी, म्हणजे काकांच्या सकाळी, फोन लावून सगळं सांगितलं. टॅक्स न चुकवणाऱ्या देशातला माणूस क्षणात वर्तकनगरला परतला.

"माझ्या भाड्याला कात्री लावणारा तू कोण रे? गपचूप पूर्ण पैसे टाक, नाहीतर घर खाली कर! कोणाला कळतंय?"

"काका, सीए बाईंना कळलंय."

तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला. "अहो, ओरडताय काय? आपण इथे पहिल्यांदा भाड्याने राहिलो, तो मालक दुबईला असायचा. त्याचं भाडं तुम्ही पंचवीस टक्के कापूनच द्यायचात की! आणि काय खुशीत कापायचात!"

"ते वेगळं होतं."

"हो ना, तो दुसऱ्याचा पैसा होता."

काकांचं नेट लगेच गेलं.

पुढचे काही दिवस आम्ही घरं बघत फिरलो. परत दिवा नको म्हणून बायको रडवेली झालेली. मग काकांचा मेसेज आला : 'काप.' एवढाच.

मी कापत आणि भरत राहिलो. वर्ष संपल्यावर त्याच बाईंनी काकांचं इथलं रिटर्न भरलं. डागडुजीपोटी मिळणारी ठरलेली सूट वजा जाता त्यांची इथली कमाई इतकी किरकोळ निघाली, की कापलेला सगळा टॅक्स परत मिळाला. तिकडच्या सरकारला हेच भाडं दाखवून भरावा लागला तो वेगळा. त्याबद्दल काका बोलत नाहीत. मला थँक्यूही म्हणाले नाहीत. उलट, भाडेकरूला कायदा कसा शिकवावा यावर तिकडच्या मित्रांना भाषणं देतात म्हणे.

हल्ली फोन काकूच करतात. भिंतींचं त्यांना काही नाही. बिल्डरने जाहिरातीत छापलेले फ्लेमिंगो खिडकीतून दिसतात का, एवढंच विचारतात. अजून एकही दिसलेला नाही. मच्छर मात्र नियमित येतात.