नवीन व्हर्जन आणि एक फिका चहा

लिंबू-मिरची मी फक्त भाजीबाजारात घेते. दुकानाला बांधत नाही, मांजर आडवं गेलं तर थांबत नाही. या ग्रुपवरचे गूढ अनुभव वाचतानाही मी मनात कारणं शोधत असते... उंदीर असेल, वारा असेल, ताप असेल. त्यामुळे माझ्यावर वेळ आली तेव्हाही आधी कारणंच शोधली.

पूर्णेला स्टेशन रोडवर आमचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. एक गाळा, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर. मागची भिंत म्हणजे नुसता पत्रा, आणि पलीकडे इस्माईलभाईंचं चहाचं हॉटेल. डिझाइन मिस्टर करायचे, गिऱ्हाईक आणि प्रूफ मी बघायचे. चहा हवा असला की मिस्टर खुर्चीतूनच पत्र्यावर थाप मारायचे. जितक्या थापा तितके चहा. शुगर निघाल्यापासून थापांच्या वर पेनाची एक टिचकी... म्हणजे त्यातला एक फिका, बिनसाखरेचा.

मिस्टरांना जाऊन आता तिसरं वर्ष चालू आहे. डिझाइनही मीच करते. चहा लागला तर बाहेर जाऊन हाक मारते.

सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन आलं की मिस्टर मुलीच्या सोयरिकीसारखी चौकशी करायचे. परभणीच्या, जिंतूरच्या प्रेसवाल्यांना फोन — "घेतलं का? जुन्या फाइली उघडायल्यात का? बॉर्डर हलायली का?" सगळ्यांचं ऐकून घ्यायचं आणि लग्नसराई पूर्ण संपली की मगच टाकायचं. मी म्हणायचे, "अहो, तोवर त्याच्या पुढचं येईल." ते म्हणायचे, "येऊ दे की. घाई कामून करायलीस? आधी दुसऱ्याचं बिघडू दे."

त्यांच्यानंतर आलेली व्हर्जनं मी घेतलीच नाहीत. त्यात भावना वगैरे काही नव्हती, काम चालू होतं. पण यंदा प्रिंटर गेला. नवा आणला, तर तो जुन्या सॉफ्टवेअरवर चालेना. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं. त्यात ताडकळसचे मारोतराव आले. मेंढरं राखणारं घर, धाकट्या मुलीचं लग्न.

"वहिनी, कोकरांची बॉर्डर टाका बरं का. थोरल्या दोघींच्या पत्रिकेवर हाय. हिच्यावर न्हाई म्हणलं तर मांडवातच रुसून बसंल."

ती बॉर्डर मिस्टरांनी मारोतरावांच्या वाड्यावरची कोकरं बघून स्वतः काढलेली. पहिली पत्रिका रविवारी मारोतरावांना देवापुढे ठेवायची होती.

फाइली मी पेनड्राइव्हवर घेतल्या होत्या. पण त्या उघडणार कशात? नवीन टाकताना मध्येच बिनसलं तर जुनंही जाणार, आणि जुनं आता कंपनी देत नाही. कोकरं गेली की गेली. नुसती कोकरं नाहीत, त्यांनी काढलेलं सगळंच.

मुलगी ऋतुजा नांदेडला असते. तिला फोन केला.

"आई, किती दिवस नुसतं बघणारेस? टाक आता."

"तुझे पप्पा असते तर..."

"पप्पांनीही टाकलंच असतं. सतरा जणांना फोन करून."

दोघीही हसलो. मग मीही परभणीच्या एका प्रेसवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "बिनधास्त टाका मॅडम. फक्त मध्ये बंद करू नका."

दुपारी टाकायला घेतलं. पट्टी सरकत सरकत शेवटाजवळ आली आणि स्क्रीन काळी झाली. मी टेबलापाशी बसून राहिले. बराच वेळ गेला, स्क्रीन काळी ती काळीच. कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाजही बंद पडल्यासारखा वाटला. शेवटी धीर सुटला. एकदा बंद करून चालू करावा म्हणून उठले, समोरच्या भिंतीवरच्या बोर्डापाशी गेले, बटणावर बोट ठेवलं...

"भाभी, चाय."

दारात इस्माईलभाई. हातात दोन ग्लास.

"मी कुठं सांगितला?"

"ठोकलं की मगाशी. दोन थापा, वर एक टिचकी." त्यांनी एक ग्लास काउंटरवर ठेवला, दुसरा कॉम्प्युटरच्या टेबलावर. "हा फिका हाय."

"इस्माईलभाई, मी पत्र्याला हातसुद्धा लावला नाही. तिथंच तर बसले होते, मला काही ऐकू आलं नाही."

"मग मी काय येडा हाय का, फिका चहा येगळा उकळायला?"

एवढं बोलून त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "भाऊ मशीनला असलं काई लावून बसले का असाच सांगायचे. म्हणायचे, इस्माईल, आता हिला हात लावायचा न्हाई. चहा प्यायचा."

मी बटणावरचं बोट काढलं.

दूध चढवलंय म्हणून ते निघून गेले. मी माझा चहा प्यायले. ग्लास रिकामा होता होता स्क्रीन उजळली. पहिली फाइल मारोतरावांचीच उघडली. कोकरं जागच्या जागी होती, एक कान पडलेलं कोकरूसुद्धा. हे काढताना मिस्टर म्हणाले होते, त्याचा कान तसाच आहे, मी कशाला सरळ करू?

पत्रिका रविवारच्या आत गेल्या. परभणीवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तेव्हा बंद केलं असतं ना मॅडम, तर जुनंही गेलं असतं आणि नवीनही."

आता कारणं. उन्हानं पत्रा वाजतो, हे खरं. त्याच्या दोन थापा वाटू शकतात, टिचकीही वाटू शकते. इस्माईलभाईंचं वय झालंय, जुनी सवय जागी झाली असेल. पण इतकी उन्हं झाली, ह्या सगळ्या काळात त्यांनी कधी फिका चहा आणला नव्हता. मग त्याच दुपारी, त्याच घडीला का... ते मला अजून सांगता आलेलं नाही.

फिका चहा मला अजिबात आवडत नाही. तो निवायला लागला तेव्हा मी तोही प्यायले.