पावडरीवरची रेघ

विमानाच्या पोटाखाली ठेवलेल्या ताटात पुन्हा तेल ठिबकलं, तेव्हा ताईने आधी स्वतःलाच एक शिवी हासडली. गेल्या आठवड्यात तिनेच इंजिनाच्या तळाचं गॅस्केट बदललं होतं आणि गळती थांबली म्हणून छातीठोकपणे सांगितलं होतं. आजार रेड्याला, औषध पखालीला! पंख्याचा वारा तेल मागे आणि खाली ढकलतो, त्यामुळे जिथे ठिबकतं तिथे ते बहुधा गळत नसतं. हँगरमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला हे शिकवणारी बाई घाईत स्वतःच फसली.

घाई धाकट्या भावाची होती. विमान त्याचं, उडवणारा तोच, पण ताईच्या सहीशिवाय ते हलत नव्हतं. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. त्याची ताई म्हणून ती साऱ्या हँगरची ताई झाली, आणि मालक झाल्यावर हा शहाणा मात्र चारचौघांत तिला 'मेकॅनिक' म्हणू लागला.

दुपारी विमानातून फेरी मारायला गिऱ्हाईक येणार होतं. अशी इंजिनं थोडी गळतातच, बोल्ट अजून आवळा आणि सही करा, असं त्याने फर्मावलं. फार आवळलं की गॅस्केट चेपतं, हे त्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ताईने सरळ स्पार्क प्लग काढले आणि ॲप्रनच्या खिशात टाकले.

"मेकॅनिक, उद्यापासून येऊ नका," तो सगळ्यांदेखत म्हणाला.

"उद्या नाही येत. पण आज हे विमान उडणार नाही."

तिला राग आला होता, आणि रागापेक्षा भीती मोठी होती. वर गेल्यावर तेल संपलं तर इंजिन आखडतं, आणि त्या खुर्चीत हाच बसणार होता.

तिने इंजिन धुऊन कोरडं केलं, त्यावर साधी अंगाला लावायची पावडर फुंकली, प्लग परत बसवले आणि विमान जागेवरच बांधून इंजिन चालवलं. बंद केल्यावर पांढऱ्या थरावर एकच काळी रेघ उमटली होती. ती वरून, पुढच्या सिलिंडरच्या बुडापासून निघाली होती. तिथे पुसून पाहिलं तर केसाएवढी चीर.

तिने भिंग भावाच्या हातात दिलं. त्याने वाकून ती चीर पाहिली. मग गिऱ्हाइकाला त्याने स्वतःच फोन करून नाही म्हणून सांगितलं.

सगळे अजून तिथेच उभे होते.

"ताई," तो म्हणाला, "उद्या सिलिंडर उतरवू या. किती वाजता येशील?"

"उद्याची सुट्टी तूच दिलीस. ती मी घेणार," ती हात पुसत म्हणाली. "परवा घरी ये मला न्यायला."