बुटातला खिळा

वस्तीच्या तोंडाशी, पाण्याच्या टाकीला पाठ लावून वहिनी चपला-बूट शिवायच्या. नवरा गेल्यावर त्याची आरी, रापी आणि गिऱ्हाइकं त्यांनी सांभाळली. सगळी वस्ती त्यांना वहिनीच म्हणे. गेल्या वर्षी आरोग्य केंद्रातली सिस्टर त्यांच्यासमोर फतकल मारून बसली होती.

"म्हातारी माणसं आमच्याकडे फिरकत नाहीत, तुमच्याकडे मात्र येतात. साखरेच्या आजारात पाय बधिर होतात, जखम झालेली कळत नाही. बूट हातात आला की आत चाचपून बघा. शंका आली तर मला फोन करा. न्यायला शाळेची व्हॅन येईल, मधल्या वेळात ती रिकामीच असते."

"म्हणजे आता मी पायांची डॉक्टरीण!" वहिनी हसल्या होत्या. पण चाचपायची सवय लागली.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला क्रेनवाले काका आले. चाळीस वर्षं गोदीत क्रेन चालवलेला माणूस, राग कायम नाकावर. डाव्या बुटाची टाच लोंबत होती.

"लवकर ठोका. उभ्या उभ्या नेतो."

वहिनींनी बुटात हात घातला. बोटांना काहीतरी चिकट लागलं, मग टोचलं. खिळ्याचं टोक वर आलं होतं. हात बाहेर काढला तर घाण वास. तीन आठवड्यांपूर्वी हा तळ त्यांनीच बसवला होता. टोक वाकवायचं राहून गेलं होतं.

खिळा उपटून टाकला असता, तर कुणाला पत्ताही लागला नसता.

त्यांनी काकांच्या पायाकडे पाहिलं. मोजा पुढून काळा पडला होता.

"काका, पाय दुखत नाही?"

"मला काय धाड भरलीय?"

वहिनींनी सिस्टरला फोन लावला. "वीस मिनिटांत व्हॅन पाठवते," सिस्टर म्हणाली, "तोवर जाऊ देऊ नका."

ते ऐकून काका भडकले. "माझ्या भावाचा अंगठा दाखवायला नेला आणि गुडघ्यापासून पाय कापून घरी पाठवला. मी येत नाही. बूट द्या!"

"नाही देणार." वहिनी चक्क बुटावर बसल्या.

माणसं जमली. भाजीवाला म्हणाला, "वहिनी, म्हाताऱ्याचा बूट काय अडवता?" काका मात्र तशाच मोज्यानं तापल्या डांबरावरून चालू लागले. चटकासुद्धा जाणवत नव्हता त्यांना. ते बघून वहिनी धावत जाऊन आडव्या उभ्या राहिल्या.

"खिळा माझाय, काका. माझ्या हातून राहिला. तुमच्या पायात घुसलाय तो. काय शिव्या द्यायच्यात त्या द्या, पण बसून द्या."

काका थांबले. मग बसले, आणि जे तोंड सोडलं ते सोडलंच. "आंधळी आहेस का? हात मोडले होते तुझे?" सगळी वस्ती ऐकत होती. वहिनी मान खाली घालून उभ्या होत्या, नजर फक्त रस्त्याच्या वळणावर. हळूहळू काकांचा आवाज उतरला. भर उन्हात त्यांचे दात वाजायला लागले. वहिनींनी कपाळाला हात लावला. अंग भाजत होतं.

व्हॅन आली. काका म्हणाले, "खिळा तुझा, तर तूही चल." पोरांच्या बुटक्या सीटवर दोघं शेजारी बसले. काकांनी वहिनींचं मनगट घट्ट धरलं होतं आणि वहिनींनी ते सोडवून घेतलं नाही.

केंद्रातून काकांना तडक मोठ्या दवाखान्यात हलवलं. दोन बोटं गेली, पाय वाचला. आणखी दोन दिवस गेले असते तर पायही गेला असता, असं डॉक्टरांनी सांगितलं.

महिनाभर वहिनींकडे गिऱ्हाईक रोडावलं. "खिळ्याचं सांगितलं नसतं तरी चाललं असतं," सिस्टर म्हणाली.

"मग ते थांबले नसते."

काका काठी टेकत आले तेव्हा सोबत शेजारचा म्हातारा होता, कुरकुरत, दंडाला धरून आणलेला. माफ केलं, असं काका तेव्हा म्हणाले नाहीत आणि नंतरही नाहीत. "याचेही पाय बघा," एवढंच म्हणाले आणि सावलीत जाऊन बसले. वहिनींनी हात पुसले आणि त्या म्हाताऱ्याचा पाय मांडीवर घेतला.