पंधरा दिवसांचा चकवा

मेडिकल ऑफिसरला फसवायला गेलो आणि स्वतःच फसलो. आधीच सांगून टाकतो.

तेव्हा आमची पोस्टिंग राजस्थानात होती. मी फौजेत हवालदार. नायक दूधराम माझ्याच सेक्शनमध्ये, माझ्याच केशोरी गावचा. वार्षिक मेडिकलमध्ये बीपी जास्त निघाला की लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे प्रमोशन अडलं. म्हणून मी त्याला माझी युक्ती शिकवली. पंधरा दिवस लोणचं-पापड बंद, बिडी बंद, रम बंद. पीटीनंतर जादा धावायचं, वेळेवर झोपायचं.

दोघंही पास. डॉक्टर म्हणाले, "शाब्बास. अब यही साल भर करो."

"येस सर!"

बाहेर येऊन आम्ही पोट धरून हसलो. साहेबाला कसं उल्लू बनवलं! संध्याकाळी बडाखान्यात, म्हणजे पलटणीच्या मेजवानीत, पंधरा दिवसांची वसुली केली. औषध हातात होतं आणि आम्ही त्याला चकवा समजत होतो. दरवर्षी.

पेन्शनीत मेडिकल नाही, म्हणून ते पंधरा दिवसही गेले. दूधरामला गावात बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या. बरं वाटलं की तो बंद करी. पंगतीत लोक वाढत सुटायचे, "घ्या हो, फौजी माणसाले काय होते?" हे वाक्य ऐकलं की आजही माझं डोकं फिरतं. फौज बूट देते, रायफल देते. रक्ताच्या नळ्या ज्याच्या त्याच्याच असतात!

गेल्या वर्षी भाताच्या रोवणीत सकाळी आम्ही त्याच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभे होतो. त्याच्या हातातून छत्री गळाली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं.

"दूधराम, काय झालं? बोल!"

नुसता घोगरा आवाज आला. मी भाच्याला फोन लावला.

"गाडी धुऱ्यावर आण. फौरन. ओव्हर."

"मामा, हा मोबाइल हाय. ओव्हर कायले?"

गाडी आली. पण तोवर माणसं जमली होती. कोणी म्हणे वारा लागला, कोणी कांदा हुंगवे, कोणी तेल चोळायला बसला. "झोपू द्या, फौजी हाय, उठते." मी ओरडत राहिलो. परेड ग्राउंडवर चालणारा आवाज तिथे कोणी जुमानला नाही. गोंदियाला पोचेपर्यंत दुपार टळली. तिथले डॉक्टर म्हणाले, "इतनी देर कर दी?"

दूधराम परत आला नाही.

वर्षश्राद्धाला आम्ही माजी सैनिक त्याच्या फोटोसमोर उभे राहिलो. मी पंगतीवरच तोफ डागली. मीठ कमी करा, चाला, गोळी चुकवू नका, तोंड वाकडं दिसलं की कांदा नको, थेट दवाखाना! मग सावधान होऊन कडक सल्यूट ठोकला. शर्टाचं बटन तुटून फोटोपाशी जाऊन पडलं.

दूधरामच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, ते उचलून माझ्या हातात दिलं.

"भाऊजी, पयले पोट आत घ्या. मंग लोकायले शिकवा."