शाहपूरचा दिवा आणि ताईची झोप

"दोन दिवस येऊन जा गं. मला झोपच नाही येत." ताईचा हा तिसरा फोन होता. तिकीट काढलं आणि पुण्याहून निघाले.

भुसावळहून गाडीने बुऱ्हाणपूर तासाभरात येतं. उतरल्यावर गरम मावा जिलेबी जरूर खा. तिथून शाहपूरची बस मिळते, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. ऑक्टोबरचा उकाडा मात्र जीव नकोसा करतो.

ताईने दार उघडलं. डोळे खोल गेलेले, बीपीची गोळी सुरू झालेली. तिच्या अंगणासमोरच पंचायतीचा हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा मोठा दिवा आहे. संध्याकाळी तो लागला आणि खोली पांढरीफटक झाली. खिडकीला घोंगडी लावली तर वारा बंद. मध्यरात्री कावळे ओरडत होते. ताई भिंतीला टेकून बसलेली.

"पंचायतीत का सांगत नाहीस?"

"कोणत्या तोंडानं सांगू? दिवा मीच मागितला. सासूबाईंना इथंच अंधारात साप चावला, त्यातच गेल्या. घरोघर फिरून सह्या मीच घेतल्या."

सकाळी तिने दिव्याखालचे मेलेले किडे झाडले, सुपडीभर निघाले. भाऊजींनी मला शेजारचं सोयाबीन दाखवलं. बाकी शेत पिकून पिवळं पडलेलं, रात्रभर दिव्याच्या उजेडात असलेला पट्टा मात्र अजून हिरवागार. "पाला आहे, शेंग नाही," ते म्हणाले.

मी ताईला ओढतच सरपंचांकडे नेलं. तिथे शेजारची एक बाई बसली होती. तिची मुलगी बुऱ्हाणपूरला शिकते, रात्री शेवटच्या बसने येते.

"काकू, तुमच्यामुळे पोरी निर्धास्त येतात," ती म्हणाली. "आता बंद करायला सांगता?"

ताईची मान खाली गेली. "नाही, नाही. बंद नको."

"बंद नकोच," मी म्हणाले. "वरून झाकण बसवा, उजेड फक्त रस्त्यावर पडेल असं."

"लिहून घेतो," सरपंच म्हणाले, पण कागद काही घेतला नाही.

पुण्याला परतून महिना झाला. त्या दोन रात्रींचा शीण माझ्या डोळ्यांतून आठवडाभर गेला नव्हता, ताई तर वर्षभर त्या उजेडात रात्री काढतेय. काल तिला फोन केला. झाकण आलेलं नाही. भाऊजींनी तिची खाट मागच्या धान्याच्या खोलीत टाकलीय. तिथे खिडकीच नाही.

"मग आता लागते का झोप?"



"अंधार छान आहे गं. पण काही सळसळलं की उठून बसते."