अफगाणी भेंडी आणि राऊतकाका

बिया जमवणाऱ्या माणसांची एक गंमत असते. दहा पेरल्या तर चार उगवतात, पण किस्से मात्र सगळेच्या सगळे उगवतात! आखातातल्या मोहम्मद बिन झायद सिटीत बाल्कनीत भाज्या लावणाऱ्या आम्हा मराठी मंडळींचा एक ग्रुप आहे, आणि तिथले निम्मे किस्से एकट्या राऊतकाकांचे आहेत.

काका जालन्याच्या एका बियाणे कंपनीत तीस वर्षं ब्रीडर होते. "वांग्या-मिरच्यांची लग्नं जमवायचो," असं ते सांगतात. रिटायर झाल्यावर काकूंना घेऊन मुलाकडे आले. एका बॅगेत दोघांचे कपडे, दुसरीत फक्त जुने सीड कॅटलॉग!

*

तरुणपणी काका परदेशी कंपन्यांना ऑफिसच्या लेटरहेडवर पत्रं धाडायचे, 'कृपया आपला कॅटलॉग पाठवावा.' एकदा हॉलंडहून एक पातळसं, ब्लॅक अँड व्हाइट पुस्तक आलं. काका उघडून बघतात तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत गांजा! प्रत्येक वाणाची आई कोण, बाप कोण, उंची किती, सगळं अगदी स्थळाच्या बायोडेटासारखं.

साहेबांनी ते नुसतं चाळलं आणि शेरा मारला, 'शोभेची झाडे. नमुने मागवावेत.'

काका आठवडाभर फाइल दडवून बसले. शेवटी केबिनमध्ये जाऊन हळूच म्हणाले, "सर, हा गांजा आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, शेरा खोडला आणि नवा लिहिला, 'वाचून झाल्यावर माझ्या घरी पाठवावे.'

*

हा किस्सा काकांनी आम्हाला सांगितला तो इथल्या एका मॉलच्या फूड कोर्टमध्ये, भर गर्दीत आणि खणखणीत आवाजात! त्यांची नात ईरा पांढरीफटक पडली. "आजोबा, please! We live here!"

"अगं, मी ओढायला थोडीच सांगतोय? ब्रीडिंग म्हणून बघ! हे वाण काढणाऱ्या त्या पोरांकडे ना लॅब, ना पगार..."

"आजोबा!!"

"बरं बाई, भेंडी म्हणतो. मग तर झालं?"

आणि पुढचा अर्धा तास काका भेंडीवर बोलले. "डोंगरातली अफगाणी भेंडी ठेंगणी, पण लवकर तयार होणारी. दक्षिणेकडची उंच, पण उशिरा येणारी. दोघींचा संकर केला आणि काय सांगू तुला नितीन, नुसत्या वासाने माणूस खूश!"

शेजारच्या टेबलावरच्या एक बाई उठून आल्या. "सॉरी हं, मराठी ऐकू आलं म्हणून विचारते. ही अफगाणी भेंडी इथे कुठे मिळते हो? आमचे हे साध्या भेंडीला हातच लावत नाहीत!"

*

काकांनी मला अंबाडीचं बी दिलं. बाल्कनीत अंबाडी कमरेएवढी झाली. ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे, तिची पानं हाताच्या बोटांसारखी फाटलेली असतात. थेट त्या दुसऱ्या झाडासारखी! आणि काका पडले शास्त्रज्ञ. त्यांनी कुंडीवर इंग्रजीत शास्त्रीय नाव लिहिलेलं, 'हिबिस्कस कॅनाबिनस.'

एसी दुरुस्त करायला माणूस आला. झाड बघितलं आणि वाकून पाटी वाचायला लागला. "कॅ... ना... बि... साब, ये क्या लगाया है?"

"अरे, भाजी है! खाने की!"

तो दोन पावलं मागे सरला. माझ्या मनात आलं, याने खाली जाऊन काही सांगितलं तर? खात्री पटवायला मी एक पान तोडलं आणि कच्चंच चावलं. अंबाडी ती, जाम आंबट! माझे डोळे मिटले, तोंड वाकडं झालं, अंग शहारलं.

तो घाबरून म्हणाला, "इतनी जल्दी चढ गया, साब?"

*

राऊतकाकूंचं तर वेगळंच. इथे खसखस आणायला बंदी आहे, म्हणून मुलाने त्यांना फोनवर तीन-तीनदा बजावलं होतं. काकूंनी अनारसे आणले तेसुद्धा रवा लावून. पण मनात भीती बसली ती बसलीच. विमानतळावर त्यांना कुणी काही विचारलंही नव्हतं. अधिकारी दिसल्याबरोबर काकूंनी दोन्ही हात वर केले आणि ओरडल्या, "मेरे पास खसखस नहीं है!"

सगळ्या बॅगा उघडल्या. तासाभराने अधिकारी हसत म्हणाला, "खलास मदाम, यल्ला!" म्हणजे झालं बाई, निघा आता!

काकू बाहेर येऊन मुलाला म्हणाल्या, "बघ, खरं बोललं की सोडतात!"

*

गेल्या हिवाळ्यात मी काकांना अल ऐनला एका शेतावर घेऊन गेलो. तिथलं काम बघणारा मल्लय्या निझामाबादकडचा, पन्नाशीचा माणूस. त्याने स्वतःपुरता वांग्याचा एक वाफा केला होता. काका त्या वाफ्यापाशी थबकले. एक वांगं उलटंपालटं करून बघितलं, देठाचे काटे मोजले, टोकाजवळच्या पांढऱ्या रेघांवर अंगठा फिरवला.

मल्लय्या अभिमानाने म्हणाला, "ये बीज मेरे बाप का है. हमारे गांव के सिवा दुनिया में कहीं नहीं मिलेगा!"

काका माझ्या कानाशी मराठीत पुटपुटले, "नितीन, हे माझं आहे रे. सतरा नंबरचं वाण. सहा वर्षं घालवली होती यावर. 'फोटो चांगला येत नाही' म्हणून कंपनीने कॅटलॉगमध्ये घेतलंच नाही. उरलेलं बी निझामाबादला ट्रायलच्या शेतावर मी मजुरांना वाटून टाकलं होतं."

"मग सांगा ना त्याला!"

काका पुढे झाले. तोंड उघडलं, मल्लय्याकडे बघितलं आणि म्हणाले, "भाई, बीज के लिए एक पका हुआ मिलेगा?"

मल्लय्याने पिवळं पडलेलं एक वांगं शोधून त्यांच्या हातावर ठेवलं. "ले जाओ चाचा. लेकिन संभालके लगाना. ये बैंगन हर किसी की समझ में नहीं आता."

काकांनी खिशातून डायरी काढली, पेन उघडलं आणि बांधावर मांडी घालून बसले.

"बोलो मल्लय्याभाई. शुरू से बताओ."